कोमट पाण्यातलं दार-ए-सलाम

आई अकोल्याहून माझ्याकडे कॅनडात मिल्टनला आली ती सप्टेंबरात, सहा महिन्यांसाठी. तेव्हा मी एकटीच राहायचे, गावाच्या कडेला नव्यानं उभ्या राहिलेल्या वस्तीत. सगळी घरं एका साच्यातून काढल्यासारखी, आणि रस्त्याकडेची झाडं अजून माणसाच्या उंचीचीसुद्धा झालेली नव्हती. सकाळी मी ट्रेननं टोरांटोला ऑफिसला जायचे, संध्याकाळी अंधार पडल्यावर परत यायचे. थंडी पडेपर्यंत आई वस्तीभर फिरून यायची. मग ड्राइव्हवेवर बर्फ साचायला लागला, आणि मी तो शोव्हलनं उपसत असताना ती खिडकीशी बसून माझ्याकडे बघत राहायची.

"हे गाव काई बोलतच नाई," ती एकदा म्हणाली. "माणसं कुठी ठेवली यायनं?"

आईची सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेली. कानाला हेडफोन लावून ट्रंक कॉल जोडून द्यायचे. नागपूर, कलकत्ता, कधीमधी दुबई. दिवसभर दुसऱ्यांच्या गावांचे आवाज ऐकायचे आणि संध्याकाळी सायकलवरून घरी यायचं. ती स्वतः मात्र फारशी कुठे गेली नव्हती. तिला शांतता सोसायची नाही. लाइन मधेच तुटल्यासारखी ती अस्वस्थ व्हायची.

म्हणून मी तिचं नाव गावातल्या सेंटरमधल्या तलावात घातलं. पोहायला नव्हे, चालायला. तिथे वयस्कर माणसांसाठी कोमट पाण्याचा एक वेगळा तलाव होता, छातीएवढ्या खोलीचा. गुडघे धरलेली मंडळी त्यात सकाळी गोल गोल चालायची. पूर्ण बाह्यांचा, पोटरीपर्यंत येणारा पोशाख मिळेपर्यंत आईनं मला कितीतरी दुकानं फिरवलं. पहिल्या दिवशी मी काठावर बसून होते. बाहेर सगळं पांढरं, काचांवर वाफ, आणि त्या वाफेत आई कठडा घट्ट धरून उभी. एक पाऊल पुढे टाकायला तयार नाही.

तेवढ्यात मागून एक उंच, सडपातळ बाई पाणी कापत आली. केस पांढरे, कानात लहानसे हिरे. आईजवळ थांबून ती म्हणाली, "पोले पोले, बहन. धीरे धीरे. पानी कहीं नहीं जाता."

"ही कोणती भाषा?" आईनं विचारलं.

"मेरे गाँव की."

तिचं गाव म्हणजे दार-ए-सलाम. घराणं मूळचं कच्छी, पण तिचा जन्म तिथला, लग्न तिथलं, आणि तरुणपणीच नवऱ्याबरोबर कॅनडात आलेली. नवरा आता नव्हता. मुलं कॅल्गरीला. ती विंटर टायर लावलेली जुनी गाडी स्वतः चालवायची, आणि पुढच्याच आठवड्यापासून आईला घ्यायला दारात येऊ लागली. मी तिला आंटी म्हणायचे. आई मात्र माझ्याशी बोलताना तिला 'दारवाली' म्हणायची. त्या शहराच्या नावातलं 'दार' तिला आपल्याच घराचं दार वाटलं होतं, आणि त्याचा खरा अर्थ 'घर' असा आहे हे कळल्यावरही तिनं ते नाव सोडलं नाही.

मग माझ्या संध्याकाळी बदलल्या. मी दमून घरी यायचे, आई भाकरी टाकता टाकता बोलायला लागायची.

"तिथं दुकानात गेलं की आधी भाव नाई इचाराचा. आधी 'हबारी' म्हणाचं. म्हणजे काय खबर. मंग तो म्हणते 'न्झुरी', चांगली. मंग भाव."

दुसऱ्या दिवशी आणखी काही. म्हाताऱ्या माणसाला 'शिकामू' म्हणायचं, म्हणजे पाया पडते. तो 'मराहाबा' म्हणतो, म्हणजे नमस्कार पावला. रिक्षेला तिथे 'बजाजी' म्हणतात. बसायच्या आधी भाडं ठरवायचं आणि सुटे पैसे जवळ ठेवायचे. नळाचं पाणी प्यायचं नाही. दुपारी उन्हात हिंडायचं नाही, संध्याकाळी लांब बाह्या घालायच्या, डास फार. मोठा पाऊस मार्चच्या मध्याला सुरू होतो, त्याआधी जावं. हे सगळं त्या दोघींचं पाण्यात चालता चालता चालायचं. एक फेरी म्हणजे बंदर, दुसरी फेरी म्हणजे मासळीबाजार, तिसरी म्हणजे भारतीय दुकानांची गल्ली.

सकाळच्या ट्रेनमध्ये मी काचेला डोकं टेकून डुलक्या घ्यायचे. बाहेर गोठलेली शेतं, गोदामं, पार्किंग लॉट. आणि डोळे मिटले की मला ती गल्ली दिसायची, मी कधी न पाहिलेली. माडाच्या झावळ्या, निळ्या रंगाची दारं, कुणीतरी नारळाच्या दुधात तांदूळ भिजवून आप्प्यासारखं काहीतरी तळतंय. युनियन स्टेशन आलं की ते सगळं विरायचं. दिवसभर मीटिंगमध्ये बसल्यावरसुद्धा कानात मागे कुठेतरी पाणी हलत असायचं.

जानेवारीत आई म्हणाली, "परत जाताना मले त्या गावाले जाचं हाये."

"कुठल्या गावाला?"

"दार-ए-सलामले. विमान तसंही कुठीतरी थांबतेच ना?"

मी तिला दुबईचं नाव सांगितलं, नायगऱ्याला पुन्हा नेते म्हटलं. मग दोन संध्याकाळी इंटरनेटवर बसून वाचत राहिले. पर्स हिसकावतात, मोटरसायकलवरून फोन पळवतात, मलेरिया. सगळं तिला वाचून दाखवलं.

"हे त दारवालीनं सांगितलंच हाये," ती म्हणाली. "फोन रस्त्यावर काढाचा नाई, पर्स रस्त्याच्या बाजूनं धराची नाई, डॉक्टरले इचारून गोळ्या घ्याच्या. काऊन भेऊन रायली तू? जिंदगीभर लोकायले गावं जोडून देली म्या. एखाद्या गावाले त पाहू दे."

 तिकिटं मी काढली. मलाही तिच्यासोबत अकोल्यापर्यंत जायचंच होतं.

निघायच्या आधी आंटी जेवायला आली. आईनं भरलेली वांगी केली होती. मी तिला विचारलं, "आंटी, तुम्हीच का येत नाही आमच्याबरोबर?"

ती वांग्याचा देठ ताटाच्या कडेला ठेवत आपल्या हिंदीत म्हणाली, "मी गेले होते एकदा, मुलं मोठी झाल्यावर. आठवडाभर मी त्या शहराशी नुसती भांडत होते. इथे हे का नाही, तिथे ते का बांधलं. शहराची काय चूक? तुम्ही जा. तुमचं काही हरवलेलं नाही तिथे."

मग तिनं आईला बजावलं, की आपलं सांगणं जुनं आहे, प्रत्येक गोष्ट तिथल्या माणसाला पुन्हा विचार. आईनं शाळेतल्या मुलीसारखी मान हलवली.

आम्ही फेब्रुवारीच्या शेवटी उतरलो. विमानतळाच्या दारातून बाहेर पडलो आणि गरम, ओलसर हवा अंगावर आली. आई थांबली. तिनं मफलर काढून पिशवीत कोंबला, डोळे मिटले आणि म्हणाली, "तलावासारखंच."

हॉटेलनं पाठवलेला टॅक्सीवाला पन्नाशीचा, गंभीर चेहऱ्याचा. मी त्याला बॅगा दाखवत होते, तर आई पुढे होऊन म्हणाली, "हबारी?" तो चमकला, मग हसला, आणि त्यानंतर सगळा रस्ता माझ्याशी इंग्रजीत आणि तिच्याशी स्वाहिलीत बोलत राहिला. तिला त्यातले चार शब्द येत असतील. पण आवाजाचा चढउतार पकडून हुंकार देणं हे तर तिचं कामच होतं. उतरताना दुसऱ्या दिवशी तोच फिरवायला येईल असं ठरलं. "सा ताटू," असं म्हणत त्यानं तीन बोटं दाखवली. आईनं मान डोलावली, मीही डोलावली.

तीन वाजता म्हणजे दुपारी, असं समजून मी सकाळी मस्त झोपून राहिले. डोळे उघडले तर आईचा पलंग रिकामा. मी घाबरून रिसेप्शनला फोन केला. "मॅडम, तुमच्या आई गाडीत बसल्या आहेत. ड्रायव्हर वाट बघतोय."

मी तशीच, केस न विंचरता खाली धावले. आई मागच्या सीटवर परकर-पोलकं घातलेल्या मुलीसारखी ताठ बसलेली.

"अगं, तीन वाजता ना?"

"तीनच वाजले," ती म्हणाली. "इथं सूर्य उगवल्यावर घड्याळ सुरू होते. आपल्या पंचांगासारखं. सातले ते एक म्हणतात. नऊले तीन. मले वाटलं, तुले माहीत असन."

टॅक्सीवाल्याला सगळं समजावल्यावर तो एवढा हसला की त्याला डोळे पुसावे लागले.

त्या दिवसांचं मला सगळं सलग आठवत नाही. उन्हात पाहिलेल्या गोष्टी अशाच राहतात, मधे मधे कोरे तुकडे. कावळे आठवतात. जिथे तिथे कावळे, राखाडी मानेचे. आई म्हणाली, "हे त आपले!" आणि खरंच ते आपल्याकडचेच होते, कधीकाळी तिकडून आलेले, असं टॅक्सीवाला म्हणाला. भारतीय दुकानांच्या गल्लीत एका म्हाताऱ्या शिंप्याला आई 'शिकामू' म्हणाली, तर तो मशीन थांबवून उभाच राहिला. आंटीनं सांगितलेलं आइस्क्रीमचं दुकान आम्ही खूप शोधलं. कुणी म्हणे पुढच्या वळणावर, कुणी म्हणे कधीच बंद झालं. आंटीच्या घराच्या जागी काचांची उंच इमारत होती, हे मात्र नक्की कळलं. चतुर्थीचा उपास होता त्या दिवशी समुद्रकाठी भाजलेला कंद मिळाला, वर लिंबू पिळलेला. टॅक्सीवाल्यानं त्याचं नाव मिहोगो सांगितलं. आईनं तुकडा तोडून बघितला. तिखट न लावता दे म्हणाली आणि खाऊन टाकला. "साबुदाणा याच्यापासूनच होते. चालते."

निघायच्या आदल्या दुपारी आम्ही फेरीबोटीनं खाडीच्या पलीकडे गेलो. बोटीवर माणसं, सायकली, कोंबड्या, मोटारी सगळं एकत्र. पलीकडे टॅक्सीवाल्याच्या ओळखीची एक शांत किनारपट्टी होती. ओहोटीमुळे पाणी दूरपर्यंत उथळ. आईनं चपला काढून पर्सबरोबर माझ्या हातात दिल्या आणि पंजाबी ड्रेससकट सरळ चालायला लागली. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत.

"आई, बास! पुढे जाऊ नकोस!"

ती वळलीसुद्धा नाही. हात दोन्ही बाजूंना पसरून, तलावात चालायची तशी, सावकाश, किनाऱ्याला समांतर चालत राहिली. मी सगळं वाळूत टाकलं आणि तिच्यामागे गेले. पाणी खरंच कोमट होतं. खालची वाळू मऊ. थोड्या वेळानं माझ्याही पायांतली भीती गेली. आम्ही दोघी शेजारी शेजारी चालत होतो. लांबवर एक शिडाचं होडकं जागच्या जागी उभं होतं, किंवा हलत असेल तरी मला कळत नव्हतं. मला वाटलं, मी अजून ट्रेनमध्येच आहे, काचेला डोकं टेकून, आणि आता युनियन स्टेशन येईल.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "तिले फोन लाव."

मिल्टनमध्ये सकाळ होती. आंटी स्वयंपाकघरात, गाऊनवर शाल घेऊन. मागच्या खिडकीत बर्फ पडत होता. मी फोन फिरवून तिला समुद्र दाखवायला गेले, तर ती ओरडली, "अरे, फोन अंदर रखो! बाहर निकालना नहीं बोला था ना? पहले अंदर रखो!"

"आंटी, इथे कुणी नाहीये, फक्त समुद्र—"

"ऐसे ही जाता है फोन! बहन, समझाओ इसको!"

आईनं माझ्या हातातून फोन घेऊन पर्समध्ये टाकला, चालूच. पर्सच्या आतून आंटीचा आवाज येत राहिला, पाणी कसं आहे, कोमट आहे का. आई पर्सवर वाकून म्हणाली, "बहुत अच्छा है. एकदम कोमट." मग जरा थांबून, "बेन, तुम्हारा घर नहीं है अब. उधर काच का बिल्डिंग है."

पर्समधून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"काच अच्छा है?" आंटीनं विचारलं.

"अच्छा है. उसमें समुद्र दिखता है."

"तो ठीक है," आंटी म्हणाली. "और कौवे?"

"बहुत हैं," आई म्हणाली, आणि दोघी हसायला लागल्या.

अकोल्याला पोचलो तेव्हा मार्चचं ऊन तापायला लागलं होतं. दुसऱ्याच दिवशी दुपारी शेजारच्या बाया आईला भेटायला आल्या. बैठकीत चटई घातली, आईनं सरबत केलं. मी आतल्या खोलीत पडून ऐकत होते.

"कॅनडा कसं हाये?" कुणीतरी विचारलं.

"बरं हाये. थंड हाये लय," आई म्हणाली. कॅनडा तिथेच संपला. मग ती दार-ए-सलामबद्दल बोलायला लागली. दुकानात आधी काय म्हणायचं, घड्याळ कुठून सुरू होतं, रिक्षेचं भाडं कसं ठरवायचं. बाया ऐकत होत्या. मग ती समुद्रकाठच्या एका उघड्या सिनेमाबद्दल सांगू लागली. लोक गाड्या घेऊन येतात, घरून डबे आणतात, बोनेटवर चादर टाकून मुलं झोपतात, पडद्यामागून खारा वारा येतो आणि चित्रातल्या नटीचा चेहरा हलतो.

असं काही आम्ही पाहिलं नव्हतं. ते आंटीचं असणार, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचं. मी उठून बाहेर जाऊन सांगणार होते. पण आईचा आवाज इतका मोकळा लागला होता, की मी कूस बदलून तशीच पडून राहिले आणि पुढे काय होतं ते ऐकू लागले.