किलोमागे शंभर ग्रॅम

सातिवलीच्या पत्र्याच्या शेडमध्ये रेडिओवर उडणारी विमानं बनतात, हे गास गावच्या लोकांना काही केल्या पटत नसे. "मग गाणी कशावर लागतात, फर्डिनंड?" ही थट्टा ऐकून ऐकून फर्डिनंड तुस्कानोचे कान किटले होते. साल चौऱ्याऐंशी, वय चौपन्न, आणि गुडघे त्याहून म्हातारे. बाल्सा नावाच्या अगदी हलक्या लाकडाची ती विमानं जोडून, रंगवून, पुरी तयार होऊनच खोक्यात जात. गिऱ्हाइकानं आत आपलं यंत्र बसवायचं आणि मैदानात उभं राहून हातातल्या डबीनं उडवायचं, बस्स.

फर्डिनंडचं काम सगळ्यांत शेवटचं. पट्टीनं पंख मोजायचे, तराजूवर विमान तोलायचं, दोन्ही आकडे चिठ्ठीवर लिहायचे आणि खाली सही करायची. पंख चौदाशे मिलिमीटर, वजन अठराशे ग्रॅम. नकाशातही अठराशेच होते, त्यामुळे मालक विद्याधर खूश. पस्तीस वर्षं या ना त्या कारखान्यात हाडं झिजवली, पण मालावर फर्डिनंडचं नाव गेलं ते फक्त इथं. बाकी सगळ्याचा त्याला कंटाळा आला होता, ह्या चिठ्ठीचा तेवढा आला नव्हता.

ऑक्टोबरात नाशिकहून पत्र आलं. खरवंडीकर म्हणून कुणी निवृत्त ड्राफ्ट्समन. तक्रार केली असती तर बरं झालं असतं. त्यांनी लिहिलं होतं, "वेग कमी केला की विमान धपकन खाली येतं. तीनदा मोडलं. अठराशे ग्रॅमचं विमान असं पडू नये, म्हणजे दोष माझ्याच हाताचा. हात हल्ली कापतो. चिठ्ठीवर ज्यांची सही आहे त्या तुस्कानोंना विचारून कळवावं, म्हाताऱ्या माणसानं हे कसं उतरवावं. जमणार नसेल तर नाद सोडून देतो."

फर्डिनंडनं पत्र दोनदा वाचलं. मग गोदामातून जुनं, तीन महिन्यांपूर्वी बांधलेलं एक खोकं फोडलं आणि विमान तराजूवर ठेवलं. एकोणीसशे नव्वद. वजनं पुसून पुन्हा तोललं, तरी तेच. दुसरं खोकं फोडलं, एकोणीसशे पंचाऐंशी. तिसऱ्याला हात लावायची त्याची छाती झाली नाही. तो स्टुलावर बसून राहिला.

चूक कुठं झाली ते त्याला तिथंच कळलं, आणि कळलं ते फार वाईट. त्याच्या बापाचा धंदा सुकेळ्यांचा. केळी सोलून उन्हात वाळवायची, आणि कधी घाईत जरा ओलसरच द्यावी लागली तर बाप दहावा हिस्सा सोडून वजन सांगायचा. ओलाव्याचं वजन गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचं नाही, हा घरचा नेम. वास दरवळतोय म्हणजे आत ओल आहे, हे फर्डिनंड लहानपणापासून शिकलेला. आणि रंगवलेलं विमान सकाळी त्याच्यासमोर यायचं तेव्हा रंगाचा वास नुसता डोक्यात जायचा. दोन किलो भरलं की तो बापासारखाच दहावा हिस्सा, म्हणजे किलोमागे शंभर ग्रॅम सोडायचा. वाळल्यावर उतरेल म्हणून. पण रंग रात्रीतच वाळलेला असायचा, वास तेवढा मागं राहायचा. उतरायचे ते दहा-पंधरा ग्रॅम. केवढा हा प्रामाणिकपणा आणि केवढं हे गाढवपण. नकाशाशी आकडा जुळायचा, म्हणून कुणी पुन्हा तोलून बघितलंही नाही.

विद्याधरनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "मामा, दोन वर्षांत दुसऱ्या कुणी विचारलं का? त्यांचा हात कापतोच आहे ना? लिहा, सराव वाढवा म्हणून."

"हात त्यांचा कापतो, शेठ. पण सही माझी आहे."

"मग इथून पुढंही अठराशेच लिहा. नाहीतर माल परत येईल."

फर्डिनंड आपल्या जागेवर परतला. वाद घालायलाही अंगात जोर लागतो. घरी जाऊन त्यानं आंतरदेशीय पत्र लिहिलं. विमान जवळजवळ दोनशे ग्रॅम जड आहे, चूक माझी, उतरवताना वेग जास्त ठेवा, तुमच्या हाताला दोष देऊ नका. बायको हिल्डानं वाचलं आणि विचारलं, "नोकरी जाईल ना?"

"जाईल तर जाईल. झोप तरी लागेल."

दुसऱ्या दिवशी त्यानं नव्या चिठ्ठीवर एकोणीसशे नव्वद लिहिले. नोकरी काही गेली नाही. पंधरा दिवसांत छापील चिठ्ठ्या आल्या, त्यांवर अठराशे आधीच छापलेले, आणि खाली सहीची ओळच नाही. तराजू कपाटावर गेला. फर्डिनंड खोक्यांत पेंढा भरायला लागला. ते काम बसून होतं, गुडघ्यांना बरंच.

डिसेंबरात खरवंडीकरांचं उत्तर आलं. वेग ठेवून उतरवलं, अलगद उतरलं, एकदा नव्हे चारदा. घरच्यांनी विमान माळ्यावर टाकायला लावलं होतं, ते खाली काढलं. शेवटी लिहिलं होतं, "नाताळात दुसरं घेतोय. दुकानात खोकं उघडून आधी तुमची सही बघेन, मगच घेईन."

फर्डिनंडनं पत्र घडी करून खिशात घातलं. समोरच्या खोक्यात पेंढा भरून झाला होता. त्यानं वरून छापील चिठ्ठी ठेवली आणि झाकण लावलं.