पाणी नसलेला पूल

ती संध्याकाळ मला आजही जशीच्या तशी आठवते. आण्णा, म्हणजे माझे सासरे, फौजदार म्हणून रिटायर झाले, आता नोकरीतल्या केसेस लिहून काढतात. घरफोड्या, दरोडे, लग्नाच्या दिवशी पळालेला नवरदेव, सगळं लिहिलं, पण ही एक केस काही लिहीत नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "ह्यात फिर्यादी तू. तू लिही. नाव मात्र कुणाचं घालायचं नाही." म्हणून मी लिहितेय. माझे मिस्टर म्हणजे 'हे', ह्यांच्या ऑफिसातला मित्र म्हणजे नुसता मित्र, आणि आमची तीन वर्षांची मुलगी ती छोटी.

कोरोनाचं दुसरं वर्ष होतं. आम्ही हूफडॉर्प ह्या डच गावात राहतो, विमानतळाच्या जवळच, पण तेव्हा विमानं एवढी कमी की आकाशात आवाज आला की छोटी खिडकीकडे पळायची. आण्णा नातीला बघायला आले आणि परत जायच्या विमानाचं काही खरं राहिलं नाही, म्हणून इथंच अडकले. पण शिस्त तीच. सकाळी उठून बुटाला पॉलिश, मास्क लावून घरामागच्या कालव्याच्या कडेनं एक फेरी, तिला ते गस्त म्हणायचे. परत आले की मला रिपोर्ट. "कोपऱ्यावरच्या घराचं फाटक उघडं आहे. बदकं शांत आहेत."

ह्यांचं काम वरच्या खोलीतनं चालायचं, दिवसच्या दिवस त्याच चार भिंती, माणूस नुसता पिवळा पडला होता. निर्बंध जरा सैल झाले तसं ह्यांनी धरलं, मला डोंगर बघायचाय. आणि ह्या देशात डोंगर कुठला. मग हे आणि मित्र दोघं स्पेनला गेले, अगदी खाली दक्षिणेला. तिथं वाळवंटासारखे उघडे डोंगर आहेत, डोंगरात खोल घळी, आणि घळीतनं ओढा. पण ओढा म्हणजे पाऊस झाला तरच ओढा, एरवी नुसता पांढरा दगडगोटा, माणसं त्यातनंच चालतात. सकाळी जायचं, दिवस मावळायच्या आत परत. मला पहिल्यापासून भीती वाटत होती. हे म्हणाले, "अगं दोघं आहोत ना. एकाचा पाय मुरगळला तर दुसरा आहे."

त्या दिवशी सकाळी ह्यांनी चालता चालता व्हिडिओ कॉल केला, छोटीला डोंगर दाखवला, मग रेंज गेली. दुपारी मी मेसेज टाकला, जेवलात का. संध्याकाळी छोटीला भरवताना बघितलं तर त्या मेसेजला एकच टिक. रेंज नसेल म्हणून मी मित्राला फोन लावला.

मित्र खोकत खोकतच लगेच म्हणाला, "वहिनी, आलाय तो. लई दमला, झोपलाय."

मी हुश्श केलं. छोटीचं तोंड पुसलं, ताट उचललं, आणि बेसिनपाशी उभी राहिले तेव्हा डोक्यात आलं की हॉटेलात वायफाय आहे. आदल्या रात्री हे तिथनंच तासभर बोलत होते. आणि हे फोन चार्जिंगला लावल्याशिवाय कधी झोपतच नाहीत. मग एकच टिक कशी राहील?

हात ओलेच घेऊन मी आण्णांकडे गेले. मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. टीव्ही बंद केला, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "बस. पहिल्यापासून सांग. तुला काय वाटतं ते नको, काय झालं ते सांग."

मी सांगितलं. ते म्हणाले, "ही खबर पक्की आहे. आता मी बोलतो. फोन स्पीकरवर ठेव आणि तू हूं की चूं करायचं नाही. फिर्यादी रडायला लागला की समोरचा सावध होतो."

मी ओढणीचा बोळा तोंडात धरला. आण्णांचा आवाज एकदम बदलला, लग्नघरात पाहुण्याशी बोलावं तसा.

"काय रे बाळा, जेवलास का? वहिनी म्हणत होती तू खोकत होतास."

"नाही नाही काका, थोडा घसा धरलाय. एसीमुळे."

"मध घे. ऊन कसं आहे तिकडं?"

"ऊन होतं सकाळी. दुपारनंतर डोंगरावर काळं झालं होतं."

"तुमच्यावर पडला का पाऊस?"

"इथं नाही पडला. लांब, वर पडत होता."

इथं म्हणाला तो, म्हणजे दिवसभर हॉटेलातच होता. मी आण्णांकडे बघितलं, त्यांनी बोट वर केलं, गप्प. मी बोळा आणखी घट्ट चावला.

"बरं, त्याला जरा उठव. दोन शब्द बोलतो."

"काका, नुकताच झोपलाय. नको ना उठवायला."

"बरोबर आहे. झोपू दे. एक काम कर, फोन नुसता त्याच्या तोंडापाशी धर. आमचा पोरगा घोरतो कसा, अख्ख्या पोलीस लाइनला माहितीय, शेजारचे हवालदार भिंत वाजवायचे. एकदा घोरणं ऐकतो आणि ठेवतो. म्हाताऱ्याचं समाधान."

पलीकडे काहीच आवाज नाही. आण्णाही बोलले नाहीत. मला वाटत होतं ओरडावं, विचार ना त्याला, विचार ना, पण ते नुसते बसले, फोनकडे बघत. बाहेर कालव्यावर एक माणूस कुत्रं घेऊन चालला होता, शिट्टी वाजवत. मला त्या माणसाचा राग आला.

मग मित्र रडायला लागला. मोठा माणूस, फोनवर, हुंदके देऊन.

"काका, तो आला नाही अजून."

मी ओढणीचा बोळा तोंडातनं काढला.

मला वाटलं आण्णा आता त्याला सोलून काढणार. पण त्यांचा आवाज चढला नाही. "बस खाली. पाणी पी. पिलास? आता सांग." नंतर त्यांनीच मला समजावलं, माणूस फुटला की त्याच्यावर ओरडायचं नसतं, ओरडलं की उरलेलं पोटातच राहतं.

झालं होतं असं. मित्राला सकाळी उठल्यापासून ताप. कोरोना निघाला तर खोलीत बंद करतील, परत येऊ देणार नाहीत, ह्या भीतीनं त्यानं कुणाला सांगितलं नाही. आणि हे म्हणाले, मी एकटा जाऊन येतो, तू घरी सांगू नको, मी पण तुझ्या तापाचं सांगत नाही, उगाच सगळे काळजी करतील. दुपारनंतर ह्यांचा फोन लागेना, तरी हा खोलीत बसून वाट बघत राहिला. मी फोन केला तेव्हा, वहिनी घाबरतील म्हणून झोपलाय म्हणाला. आता येईल, आता येईल असं त्याला वाटत होतं.

"कुठल्या घळीत गेला?"

"माहीत नाही काका. मी तापात होतो. गाडी घेऊन गेला एवढंच."

आण्णांनी डोळे मिटले, एकदाच, मग म्हणाले, "मास्क लाव, खाली हॉटेलच्या मालकिणीकडं जा, दारातनंच लांब उभा राहून तिला सगळं सांग. तापाचं पण सांग. फोन चालू ठेव." आणि माझ्याकडे वळले. "सकाळी व्हिडिओत काय दिसलं?"

"दगड. नुसते दगड, आण्णा. मला काय आठवत नाही." मला नुसतं वरच्या पावसाचं घळीत उतरणारं गढूळ पाणी दिसत होतं, जे मी बघितलंच नव्हतं ते.

"तू काय बघितलंस ते राहू दे. छोटी काय म्हणत होती?"

ती काय म्हणत होती? ती माझ्या मांडीवर होती, हातात बिस्कीट, आणि हसत होती बापाला. मराठी तिला सगळं कळतं, पण बोलते डच. तिनं विचारलं होतं, बाबा, पाणी कुठंय? पूल आहे, मग पाणी कुठंय? इथल्या पोरांना पूल म्हणजे खाली पाणी, बदकं, होडी, दुसरं माहीतच नाही. आणि हे हसून म्हणाले होते, पाणी सुट्टीवर गेलंय.

"पूल," मी म्हणलं. "आण्णा, पूल होता. दगडाचा, कमानींचा, मधली एक कमान पडलेली. खालनं शेळ्या चालल्या होत्या."

आण्णांनी फोनमध्ये एवढंच सांगितलं, मित्रानं मालकिणीला सांगितलं, आणि आम्हाला फोनमधनं त्या बाईचा आवाज ऐकू आला. कळलं काही नाही, पण तिनं हाक मारावी तसं कुणाला तरी जोरात काही सांगितलं, आणि मित्र म्हणाला, "काका, तिला माहितीय तो पूल. ती रेस्क्यूवाल्यांना फोन करतेय."

मग वाट बघणं. त्याच्याबद्दल मी जास्त लिहू शकत नाही. छोटी खेळत होती, मला सारखी प्लास्टिकच्या कपातनं चहा आणून देत होती आणि मी पीत होते. घरामागचा कालवा जागच्या जागी होता, काठापर्यंत भरलेला, गप्प. एवढं पाणी रोज बघून मला कधी पाण्याची भीती वाटली नव्हती. आण्णा खुर्चीत ताठ बसून होते, जोडे घालून. घरात कुणी जोडे घालत नाही आमच्यात. मी विचारलं तर म्हणाले, "ड्युटीवर आहे."

अंधार पडता पडता अनोळखी नंबरवरनं फोन आला. उचलला तर ह्यांचा आवाज, दात वाजत होते.

"अगं, मी आहे. ठीक आहे. पाणी आलं एकदम, चिखल, दगड, सगळं. मी वर कपारीत चढलो. फोन गेला वाहून. पुलाच्या वरच्या अंगाला होतो, ह्या लोकांनी दोरी टाकून काढलं." मग हळूच म्हणाले, "आण्णांना सांगितलं नाहीस ना? उगाच काळजी करतील."

फोन स्पीकरवरच होता.

"आण्णा ऐकतायत," आण्णा म्हणाले.

मग शाळेतल्या पोरासारखं, "हो आण्णा."

"मुकाट्यानं घरी ये." एवढंच बोलले आणि वाकून जोड्यांच्या नाड्या सोडायला लागले. गाठ काही सुटेना. शेवटी मी खाली बसून सोडली.

मित्राला कोरोनाच निघाला. तो तिथंच राहिला, बरा होऊन आला, आता आमच्या घरी आला की आण्णांच्या डोळ्याला डोळा भिडवत नाही, पण आण्णाच त्याला जवळ बसवून घेतात. ते म्हणतात, खोटं बोलणारी माणसं त्यांनी नोकरीभर बघितली, वाईट हेतूनं बोलणारा लवकर सापडतो. दुसऱ्याला काळजी नको म्हणून बोलतो त्याचं खोटं ओळखायला अवघड, कारण ऐकणाऱ्यालाही तेच ऐकायचं असतं. मला त्या संध्याकाळी तेच ऐकायचं होतं. आलाय, झोपलाय. मी तर ताटही उचललं होतं.

आता आमच्यात ठरलंय, ताप असो, उशीर असो, नोकरीत काही असो, आहे तसं सांगायचं. घाबरायचं आम्ही बघून घेऊ.

हे परत आले तेव्हा नियमाप्रमाणे वरच्या खोलीत बंद. जेवणाचं ताट दाराशी ठेवायचं आणि मागं सरायचं. पहिल्या संध्याकाळी मी ताट ठेवलं, हाक मारली, उत्तर नाही. मी आण्णांना बोलावलं. ते जिना चढून आले, दाराला कान लावला आणि बोट वर केलं, गप्प.

आतनं आवाज आला. पहिला बारीक, मग असा मोठा की खालनं छोटी ओरडली, आजोबा, विमान!

आण्णा पायरीवर बसले. मीही बसले. बराच वेळ दोघं ऐकत होतो.

"जबाब जुळला," आण्णा म्हणाले, आणि केस बंद केली.