हसनभाऊंचे आठ पॉइंट एक

हसन मुलाणींच्या जीपमध्ये बसणाऱ्याने घाई करू नये, हे कामशेतच्या स्टँडवर सगळ्यांना ठाऊक होतं. कामशेत ते पवनानगर हे अंतर बाकीच्या वडाप जीप, म्हणजे सीटा भरल्या की सुटणाऱ्या खाजगी जीप, अर्ध्या तासात काटायच्या. हसनभाऊंना पाऊण तास लागायचा. उतार आला की ते गाडी अशी सोडायचे, जणू मांडीवर झोपलेलं मूल अलगद पाळण्यात ठेवायचं आहे. मागून एखादी बाई ओरडायची, "ओ भाऊ, तिकडं लगीन लागून पाव्हणं जेवाया बसलं असत्याल!" हसनभाऊ आरशात बघून म्हणायचे, "बसू द्या की मावशी. तुमचं ताट काय पळून जात न्हाई."

आणि हाच माणूस हिवाळ्यातल्या दर रविवारी सकाळी, पन्नाशीला टेकलेला असताना, सायकलवर बसून टेकडीवरून असा खाली यायचा की बघणाऱ्याच्या हातातला चहा निवून जायचा. हे कसं काय, असं मी त्यांना एकदा विचारलं. ते म्हणाले, "जीपमदी पंधरा जीव असत्यात, गार्डसाहेब. सायकलीवर माजा एकलाच. आन् त्यो कसा हाय ते मला ठावं हाय."

मला ते गार्डसाहेब म्हणायचे, कारण मी मालगाडीचा गार्ड होतो. लोणावळ्याहून कर्जतकडे घाट उतरणाऱ्या गाड्यांवर माझी निम्मी नोकरी गेली. उतारावर गाडी पळू द्यायची नाही, यासाठीच मला पगार मिळत होता म्हणा ना. निवृत्तीनंतर पवनानगरजवळ दोन खोल्या बांधल्या आणि येण्याजाण्यासाठी जीप धरली ती हसनभाऊंची, कारण त्यांचा वेग मला पटला. आमची ओळख अशी हळू चालण्यावरून झाली. पुढे मी त्यांच्याबाबत जे केलं, ते मात्र एका क्षणात केलं. एक आकडा मी खोटा सांगितला. तो दुरुस्त करण्यासाठी हे लिहितो आहे. पण आधी माणूस कळायला हवा.

पवनानगरच्या वरच्या अंगाला कोणीतरी बंगल्यांचे प्लॉट पाडायचे म्हणून टेकडीवर मुरमाचा रस्ता काढला होता. पुढे तो प्लॉटवाला दिसेनासा झाला, रस्ता राहिला. सरळ, रुंद आणि वरून खाली पाहिलं तर आधी ब्रेक तपासावा इतका उभा. पुण्याच्या, तळेगावच्या सायकलवाल्या मंडळींना त्याचा सुगावा लागला आणि दिवाळीनंतर मुरूम वाळला की दर रविवारी ती गाड्यांच्या टपावर सायकली बांधून येऊ लागली. शर्यत नव्हती. उताराच्या मधोमध दोनशे मीटरवर दोन दगड चुन्याने रंगवले होते. तेवढ्या टप्प्यात कोण किती वेगाने जातो, एवढंच बघायचं. वरच्या दगडापाशी उभा असलेला माणूस सायकलचं पुढचं चाक आलं की लाल फडकं खाली टाकायचा, खालच्या दगडापाशी बसलेला घड्याळाचं बटण दाबायचा. सगळ्यांत कमी वेळ घेणाऱ्याचं नाव पायथ्याच्या चहाच्या टपरीवर पत्र्याच्या पाटीवर रंगवलं जायचं.

खाली घड्याळ घेऊन मी बसायचो. ही शिफारस हसनभाऊंचीच. "आमचं गार्डसाहेब हाईत की! त्येंचा आकडा म्हंजी कोर्टाचा निकाल," असं त्यांनी त्या मंडळींना सांगून टाकलं.

हसनभाऊंची सायकल म्हणजे एका पर्यटकाने तंबूच्या जागेवर टाकून दिलेलं लोढणं होतं. पुढच्या चाकाचा चिमटा वाकलेला, गिअर गंजलेले. त्यांनी चिमटा सरळ करून घेतला, गिअर काढूनच टाकले. "उताराला गिअर कशाला? उतार सोताच वडतोय." बाकीच्यांच्या सायकली एका बोटाने उचलाव्यात अशा. हसनभाऊ आपल्या सायकलच्या दांडीला वाळू भरलेली जीपची जुनी ट्यूब गुंडाळायचे. पोरं हसली. तेव्हा ते म्हणाले, "हलकी गाडी उडती, जड गाडी बसती. आमच्या जीपला इचारा." हेल्मेट कोणीतरी दिलं होतं. कोपर आणि गुडघे वाचवायला जैतूनभाभींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, जुनी गोधडी कापून शर्टा-पँटीला आतून शिवली होती. त्या वेशात ते चालत आले की एखादं अंथरूण उठून फिरायला निघाल्यासारखं दिसायचं. तेच आधी हसायचे.

उतरण्याआधी मात्र थट्टा बंद. सगळ्यांच्या आधी येऊन ते पायातल्या चपला काढायचे आणि रस्ता खालपासून वरपर्यंत अनवाणी चालून जायचे. वाटेत दिसलेला खडा उचलून कडेला टाकायचे. एकदा मी बरोबर गेलो, तर माझा श्वास फुलला आणि ते आपले सांगत होते, "हितं मुरूम सुटलाय. हितं पानी मुरलंय. हितून जरा डाव्या अंगानं." भीती वाटत नाही का, असं पुण्याचा केदार त्यांना नेहमी विचारायचा. हा केदार इंजिनिअर, सायकल महागडी, पण पोरगा साधा. पाटीवर नाव त्याचंच होतं, आठ पॉइंट सहा सेकंद. हसनभाऊ त्याला म्हणाले, "भ्या पायजेच रे. पर त्यानं क्यारेजवर बसावं, हँडलवर न्हाई."

त्यांचं आणखी एक लाडकं वाक्य होतं. कोणी म्हणालं की अहो, हा तरण्या पोरांचा खेळ, तुमच्यासारख्या वडापवाल्याचा नव्हे, तर ते शांतपणे म्हणायचे, "उतार कुनाच्या बापाचा न्हाई."

आता ती सकाळ. पौष महिना, हवा कोरडी, धरणाचं पाणी खाली आरशासारखं पडलेलं. केदार आणि त्याचे दोघे-तिघे मित्र उतरून आले, आकडे नेहमीचेच. मग वर हसनभाऊ दिसले. फडकं पडलं, मी बटण दाबलं. नेहमी आधी चाकाचा खडखडाट ऐकू यायचा आणि मग माणूस दिसायचा. त्या दिवशी माणूस आधी आला. छाती हँडलला चिकटलेली, तोंड धुळीने पांढरं. खालचा दगड ओलांडला तेव्हा मी पुन्हा बटण दाबलं. ते पुढे चढाच्या अंगाला जाऊन गवतात थांबले. मी घड्याळ पाहिलं. आठ पॉइंट एक. म्हणजे ताशी जवळजवळ नव्वद.

इथे माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगायला हवी. घाटात गाडी उतरायला अमुक इतकी मिनिटं लागलीच पाहिजेत, असा दंडक होता. त्याहून कमी लागली तर ड्रायव्हरने वेग वाढवला असा अर्थ व्हायचा आणि त्याच्यावर चौकशी लागायची. वह्या लिहिणारा मी. एखाद्या चांगल्या ड्रायव्हरच्या हातून एखादं मिनिट इकडेतिकडे झालं, तर मी नोंदीत एक वाढवून लिहायचो. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, माझी मीच लावून घेतलेली सवय होती. उतारावर नको इतका वेग दिसला की एक वाढवायचा, माणूस वाचवायचा. वर्षानुवर्षं मी हे पुण्यकर्म समजून केलं.

हसनभाऊ धापा टाकत, हसत माझ्याकडे आले. "किती?"

माझ्या अंगठ्याने तोवर घड्याळ शून्यावर आणलं होतं आणि तोंडाने सांगूनही टाकलं होतं, "नऊ पॉइंट एक."

सगळे "अरेरे" म्हणाले. हसनभाऊंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे जरा गोंधळले. ते म्हणाले, "आसं व्हय? मला तर वाटलं, लय जोरात आलो."

त्या क्षणी बोललो असतो तर ती नुसती जिभेची चूक ठरली असती. पण मी विचार केला, खरा आकडा सांगितला तर उद्या कोणीतरी सात करायला जाईल आणि मान मोडून घेईल. दुसराही विचार होता, तो लपवत नाही. कोर्टाचा निकाल म्हणून माझं नाव झालं होतं. सगळ्यांदेखत निकाल फिरवायचा आणि घड्याळ तर शून्यावर. म्हणून मी म्हणालो, "उतारावर सगळ्यांनाच तसं वाटतं, हसनभाऊ."

आकड्यापेक्षा हे वाक्य जास्त वाईट होतं. ते मला फार उशिरा कळलं.

मला वाटलं होतं, आता ते नाद सोडतील. झालं उलटंच. पुढचे तीन हिवाळे हा माणूस केदारला गाठायला उरलेल्या त्या अर्ध्या सेकंदामागे लागला. मी अगदी प्रामाणिकपणे घड्याळ लावत होतो आणि आकडे येत होते आठ पॉइंट नऊ, आठ पॉइंट आठ. एकदा आठ पॉइंट सात. त्यांनी ट्यूबमधली वाळू वाढवली, मग कमी केली. बसायची तऱ्हा बदलली. टोपी, चपला, न्याहारी, सगळं बदलून पाहिलं. दर वेळी खाली आले की आधी माझ्याकडे बघायचे आणि विचारायचे, "आज कसा आलो?" पूर्वी ते स्वतःच सांगायचे. तिसऱ्या हिवाळ्यात त्यांनी पुढचा ब्रेक काढून टाकला, तेवढंच वजन आणि घासणं कमी म्हणून. त्या रविवारी खालच्या दगडाच्या पुढे सायकल घसरली. गोधडीने कोपर वाचले, डावी मांडी मोडली. सळई घातली, पाय जुळला, पण क्लच दाबायची ताकद गेली. जीप गेली. आता ते कामशेतच्या स्टँडवर उभे राहून दुसऱ्यांच्या जीपच्या सीटा भरतात. तेही मजेत. "चला पवनानगर, एकच सीट! ओ ताई, मांडीवरल्या पिशवीला जागा हाय, तुमाला बी हाय!"

मी भेटायला जायचो, फळं न्यायचो आणि परत यायचो. सांगायचं राहून जायचं.

यंदा प्लॉटवाला परत उगवला. टेकडीवर डांबर पडणार, बंगले होणार, गेट लागणार असं ठरलं. म्हणजे पाटीवरचा केदारचा आकडा आता कायमचाच. सायकलवाल्यांनी टपरीवर छोटा समारंभ ठेवला आणि केदारला हार घालायला बोलावलं हसनभाऊंना. ते लगेच हो म्हणाले. हे ऐकलं आणि माझ्याच्याने राहवेना. समारंभाच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. ड्रायव्हर वाचवायची सवयही सांगितली.

आधी बोलल्या जैतूनभाभी. "तुमी त्येंला वाचवाया गेला व्हय? तीन हिवाळं ह्यो मानूस सोताचाच आकडा गाठाया मरत व्हता! त्या दिवशी खरं बोलला असता, तर सायकल माळ्यावर टाकली असती आन् मी जिलबी केली असती!"

हसनभाऊ माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "आकडा परत सांगा."

"आठ पॉइंट एक."

"परत."

मी परत सांगितला. ते हसले नाहीत. पायावरून हात फिरवत म्हणाले, "पाय मोडला त्यो माज्या हातानं. ब्रेक मीच काडला. पर माज्या जीपचा मीटर पयल्यापास्नं बंद. वीस वरीस गाडी कानावर चालवली, वेग किती ते कान सांगायचा. त्या दिवशी बी कानानं खरंच सांगितलं व्हतं. तुमी माजा कानच खोटा पाडला, गार्डसाहेब. तवापास्नं जीप चालवताना बी मला भरवसा वाटंना."

उद्या टपरीवर सगळ्यांसमोर सांगतो, एवढंच म्हणून मी उठलो.

दुसऱ्या दिवशी मी टपरीवर सगळ्यांसमोर उभा राहून हे सांगितलं. कोणीतरी हळूच विचारलं, "पण काका, पुरावा?" पुरावा मीच पुसला होता. केदार हार काढून हसनभाऊंच्या गळ्यात घालायला निघाला, तर त्यांनी त्याचा हात धरला. "ऱ्हाऊ दे. तुजं आठ-सहा खरंच हाय की. तुजी काय चूक?" आणि मग सगळ्यांकडे वळून, फार दिवसांनी जुन्या आवाजात म्हणाले, "पर मी जोरात आलतो बरं का! लय जोरात आलतो!" मंडळींनी टाळ्या वाजवल्या. टपरीवाल्याने पाटी तशीच ठेवली.

निघताना ते मला म्हणाले, "सभेतलं बोलनं वाऱ्यावर जातं. लिवून काडा. माजा आकडा लिवा, आन् तुमी काय केलं ते बी लिवा." म्हणून लिहिलं. हसन मुलाणी, कामशेत-पवनानगर वडापचे चालक, दोनशे मीटर, आठ पॉइंट एक सेकंद. घड्याळ मी लावलं होतं, आकडा मी पाहिला होता आणि मी खोटं सांगितलं.

काल हे कागद घेऊन मी स्टँडवर गेलो आणि एका कडेला उभा राहून त्यांना वाचून दाखवले. त्यांनी एका जागी थांबवलं. हार घालून घेण्याआधी केदार त्यांच्या पाया पडल्याचं लिहायला मी विसरलो होतो. "ते बी लिवा, पोरगं चांगलं हाय." लिहिलं. मग मी धीर करून विचारलं, "हसनभाऊ, मला माफ केलंत का?"

"माफी काय घड्याळ लावून देत्यात व्हय? लागंल तितका येळ लागंल."

"मला सत्त्याहत्तरावं चालू आहे," मी म्हणालो.

"मंग तब्येतीला जपा," असं म्हणून ते सीटा भरायला गेले.