पंपाखालचा डांबरी बोळा

खून आणि दरोड्यांचे पुष्कळसे तपशील आता पुसट झालेत. पण कापसाच्या एका बोळ्यापायी मी एका निरपराध माणसाचा कबुलीजबाब लिहायला बसलो होतो, ती दुपार मात्र विसरू म्हटलं तरी विसरत नाही.

तेव्हा मी वर्धा जिल्ह्यात ठाणेदार होतो. आर्वी रोडला शेतांच्या मधोमध एक मुरमाची धावपट्टी होती आणि तिच्या टोकाला पत्र्याची शेड. शेडमध्ये दोन माणसांचं एक हलकं विमान. मालक एक निवृत्त वैमानिक, सगळे त्यांना कॅप्टन म्हणत. इंजिनाची देखभाल करायला नालवाडीचा एक मिस्त्री. जवळच्या गावातली एक मावशी शेड झाडायची आणि दोघांना खाऊ घालायची. तिघंही साठीच्या पुढची. कॅप्टन आणि मिस्त्री रोज सकाळी नवरा-बायकोसारखे भांडत आणि दुपारी एकाच ताटातली मिरचीची भाजी खात.

एक दिवस कॅप्टन तणतणत ठाण्यात आले. "ठाणेदार साहेब, माझ्या इंजिनच्या ऑइलमध्ये कोणीतरी पाणी टाकलं. आज उड्डाणाआधी ऑइल तपासलं तं दुधासारखं पांढरं! तसाच वर गेलो असतो तं वरच्यावरच गेलो असतो. हा खुनाचा प्रयत्न आहे."

"संशय कोणावर?"

ते खाली बघून म्हणाले, "शेडची दुसरी चावी मिस्त्रीजवळ असते." हे सांगताना त्यांचा आवाज फुटला. तक्रार करणाऱ्यांचे आवाज चढलेले मी खूप ऐकलेत, फुटलेले फार कमी.

स्टेशन डायरीला नोंद घेतली. तेवढ्यात बीट अंमलदार खबर घेऊन आला. मिस्त्री चहाच्या टपरीवर चारचौघांत म्हणाला होता, "आता हे विमान मी उडूच देत नाई." त्यानंतर तो रुसून घरी बसला होता. संशयित, चावी, धमकी, सगळं जागच्या जागी. इतकं सरळ प्रकरण दिसलं की मला नेहमीच शंका येते.

मिस्त्रीला बोलावलं. माणूस सडपातळ, नजर सरळ.

"ऑइलमध्ये पाणी काऊन टाकलं?" मी त्याच्याच बोलीत विचारलं.

"कोणी टाकलं नाई साहेब, थे आतून शिरलं असंन," तो म्हणाला. "इंजिन थंड ठेवाले पाणी फिरते, त्याले पंप असते. पंपात दोन सील. एक पाणी अडवते, एक ऑइल. दोघायच्या मधात खालून एक बारीक भोक ठेवलं असते. पाणी टपकलं तं पाण्याचं सील गेलं, ऑइल टपकलं तं ऑइलचं. कित्येक दिवसांपासून पाणी टपकून राह्यलं होतं. मी म्हणे सील बदलल्याशिवाय उडू नका, कॅप्टन म्हणे थेंबभर पाण्यानं काय होते! त्यावरूनच वाजलं आमचं."

म्हणजे टपरीवरची ती धमकी नव्हती, काळजी होती. मी शेजारीच बसलेल्या कॅप्टनकडे वळलो. "मग पाणी अजून टपकतं का?"

"नाही," कॅप्टन म्हणाले. "आपोआप थांबलं. म्हणून तर काल जमिनीवरच तासभर इंजिन चालवून बघितलं."

मिस्त्री ताडकन उठला. "आपोआप?"

चोर आपोआप सुधारत नाही, तशी गळतीही आपोआप थांबत नसावी, इतपत मला कळलं. पंच घेऊन शेडवर गेलो. मिस्त्रीने पंपाखाली आरसा धरला आणि मी टॉर्च मारला. भोकात डांबरात भिजवलेला कापसाचा बोळा घट्ट बसवलेला होता. बाहेरची वाट बुजली, म्हणून पाणी दुसऱ्या सीलमधून ऑइलमध्ये घुसलं होतं. कोपऱ्यात डांबराचा डबा होता. पावसाळ्याआधी शेडच्या पत्र्यांची भोकं असाच बोळा लावून बुजवली होती.

मिस्त्रीने डब्याकडे पाहिलं, मग दारात चहा घेऊन उभ्या असलेल्या मावशीकडे. एकदम म्हणाला, "साहेब, म्याच लावला बोळा. लिहून घ्या."

कॅप्टन तोंड फिरवून शेडबाहेर गेले.

ठाण्यात आणून जबाब लिहायला घेतला खरा, पण माझं मन मानेना. त्या भोकाचं काम ज्याने मला इतकं समजावून सांगितलं, तो ते डांबराने कशाला बुजवील? खोटं नाकारणारे पायलीला पन्नास मिळतात. खोटं कबूल करणारा भेटला की समजावं, हा कोणाला तरी पाठीशी घालतोय.

तेवढ्यात मावशी आली. हातात जेवणाचा डबा, पदराने घाम पुसत.

"त्याले सोडा साहेब. बोळा म्या लावला."

"काऊन मावशी?"

"रोज सकाळी त्या पाण्यापायी दोघायचं भांडण. यानं तं येणंच सोडलं. कॅप्टन दोन दिवस धड जेवले नाई. म्या म्हणलं, टपकणंच बंद झालं तं भांडण बंद होईन, हा परत येईन. पत्र्याले लावला तं शेड गळत नाई, मंग याले लावला तं काय बिघडते?" आणि ती रडायला लागली. "देवा, कॅप्टन वर गेले असते तं!"

तिच्या मागोमाग आलेले कॅप्टन दारातच उभे होते. ते मिस्त्रीवर खेकसले, "अबे, तू कबूल काऊन झाला?"

"मावशीले आत टाकलं असतं तं तुमाले जेवाले कोण देईन? तुमाले तं चहाही नाई जमत."

ठाण्यातले सगळे हसले. कॅप्टन हसता हसता डोळे पुसत होते, आणि खरं सांगायचं तर मलाही चष्मा काढावा लागला. तक्रार मागे घेतली गेली. मावशीचा डबा आम्ही ठाण्यातच संपवला.

पुढे पंपाला नवीन सील बसलं, ऑइल बदललं. मावशीला त्या भोकाजवळ फिरकायची बंदी झाली. मला मात्र या प्रकरणाने एक धडा दिला. तोवर भांडणाचा आवाज आला की मी आधी तो बंद करायला धावायचो. त्या दोघांचं भांडण रोज चालू होतं, तोवर त्यांना पोलीस लागले नव्हते. ते बंद पडलं आणि प्रकरण ठाण्यात आलं.

काही दिवसांनी आर्वीला बंदोबस्ताला निघालो होतो. शेडजवळ आलो तर आतून दोघांची जोरजोरात जुंपलेली. ड्रायव्हरने जीप हळू केली आणि माझ्याकडे पाहिलं.

"चल पुढे," मी म्हणालो. "इथे सगळं ठीक आहे."