मापात चाळीस कमी

त्यांना सगळे काटेवाल्या बाई म्हणत. काटा म्हणजे वजनाचा, पायात मोडतो तो नव्हे. हा विनोद गेली तीस वर्षं प्रत्येक नवा दुकानदार जणू आपल्यालाच पहिल्यांदा सुचल्यासारखा करायचा आणि बाई तेवढ्यापुरत्या हसायच्या.

काम सरळ होतं. दुकानांतले, गोदामांतले, कारखान्यांतले वजनकाटे वर्षातून एकदा तपासायचे. गाडीच्या डिकीत वीस-वीस किलोची आठ प्रमाण वजनं असायची. ती काट्यावर चढवायची, आकडा बघायचा, चुकत असेल तर दुरुस्त करून शिक्का मारायचा. कुणी ताटाखाली लोहचुंबक चिकटवलेलं असे, कुणाचा काटा शून्याऐवजी पन्नास ग्रॅमपासूनच सुरू होई. मापात पाप असलं की हिला दारातूनच वास येतो, असं यजमान कौतुकाने सांगत. यजमान गाडी चालवायचे आणि बाई वजनं उचलायच्या. लोकांना ते उलटं वाटायचं, पण कंबर यजमानांची दुखायची, बाईंची नाही, त्याला कोण काय करणार.

दोन वर्षांपूर्वी यजमान गेले. त्या दिवशी बाई तापाने पडल्या होत्या म्हणून ते एकटेच लांबच्या शीतगृहाचं काम उरकून परत येत होते. त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला नीट घेतली, हँडब्रेक ओढला आणि तिथेच गेले. घरी कळायला चार तास लागले. बाई रडल्या नाहीत. दाढ काढताना सुई टोचल्यावर ओठ आपला राहत नाही, तसं त्यांना सगळंच झालं होतं. भाजी चिरत, वजनं पुसत, गाडी आता स्वतःच चालवत, वेळेवर झोपत. शेजारणी म्हणायच्या, किती खंबीर बाई. खंबीर कसली, आत काही हलतच नव्हतं.

दहा महिन्यांनी परगावी नोकरी करणाऱ्या मुलाने जुनी डिझेलची गाडी विकली आणि बॅटरीवरची आणून दारात उभी केली. आवाज नाही, धूर नाही, गिअर नाहीत. त्याने आईला शेजारी बसवून सगळं शिकवलं. "चार्जिंग साठ टक्के झालं की पूर्ण समज, आई," तो म्हणाला. बाईंनी मान डोलावली. त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर, खाली प्लग नाही, म्हणून गावाबाहेरच्या चार्जिंग स्टेशनवर जावं लागे. तिथे साठ झाले की गाडीतल्या पडद्यावर 'चार्जिंग पूर्ण' असं यायचं. बाईंना वाटलं, रांगेत मागे माणसं असतात, प्रत्येकाला वाटा मिळायला हवा, तेव्हा साठच देत असतील. जगाचे काटे तपासणाऱ्या बाईने स्वतःचं माप मात्र एकदाही विचारून पाहिलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

साठ टक्क्यांत गाडी दोनशे किलोमीटर जायला हवी. पण डिकीत एकशे साठ किलो लोखंड आणि वाटेत घाट, त्यामुळे दीडशे-पावणेदोनशेत तिचा जीव घाबरा व्हायचा. बाईंनी लांबची कामं एकेक करून सोडली. आधी तेलाचा घाणा, मग सिमेंटचं गोदाम, मग डोंगरापलीकडची दोन दुकानं. "गाडी पोचत नाही हो," एवढंच सांगायच्या. लोक हळहळायचे आणि दुसरा माणूस बघायचे. "बरं झालं, दगदग कमी झाली," मुलगा फोनवर म्हणायचा. बाईंनाही वाटायचं, असेल बरं.

शेवटी उरलं ते शीतगृह, दोनशे चाळीस किलोमीटरवरचं. वाटेत एकच चार्जिंग स्टेशन, तेही एकशे नव्वदाव्या किलोमीटरला. मागच्या वर्षी बाई गेल्या नव्हत्या. यंदा व्यवस्थापकाचा निरोप आला की आज संध्याकाळपर्यंत कळवा, नाहीतर काम कायमचं दुसऱ्याला देतो. यजमानांनी मिळवलेलं हे पहिलं गिऱ्हाईक. ते गेलं की बाईंचा धंदा म्हणजे गल्लीतली किराणा दुकानं, आणि बाई म्हणजे घर ते बाजार. त्यांनी चार्जिंगला गाडी लावून फोनवर लिहिलं, 'जमणार नाही, क्षमस्व.' पाठवायचं तेवढं बाकी होतं.

मागे पार्सलच्या व्हॅनचा ड्रायव्हर उभा होता. पोट सुटलेला, घाईतला माणूस. तो काचेतून डोकावला.

"ताई, झालं का?"

"झालं. पूर्ण म्हणतोय."

"पूर्ण कुठलं? अजून चाळीस बाकी आहेत की."

"इथे साठच देतात ना?"

ड्रायव्हरने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. "अहो, मी रोज शंभर भरून निघतो. ही बघा रेघ. कुणीतरी साठावर लावून ठेवलीय. तुमच्या गाडीचं ॲप कुणाच्या फोनवर आहे?"

"मुलाच्या."

भला माणूस तो. त्याने फक्त विचारलं, "सरकवू?" बाईंनी मान डोलावली. त्याने बोटाने रेघ शंभरावर नेली, आणि बंद पडलेलं यंत्र पुन्हा घुमायला लागलं. "चहा घेऊन येतो तोवर. तुमचं होऊ द्या सावकाश," म्हणाला आणि गेला.

पाच मिनिटांत मुलाचा फोन आला.

"आई, गाडीच्या सेटिंगला कुणी हात लावला?"

"मी."

"अगं, शंभर भरलं की बॅटरीला बरं नसतं."

"बॅटरीला की तुला?"

त्याने तिकडे दार लावून घेतलं. मग म्हणाला, "बाबा चार तास तिथे होते, आई. एकटे. तू गाडी घेऊन निघालीस की मला ऑफिसात बसवत नाही. रोज ॲपवर तुझ्या गाडीचा तो ठिपका बघत बसतो मी."

बाई ऐकत होत्या. समोर आकडा चौसष्टावर आला होता. तेलाचा घाणा, सिमेंटचं गोदाम, डोंगरापलीकडची दुकानं, सगळं त्यांनी स्वतःच्या तोंडाने नको म्हटलं होतं. कुणी अडवल्याचं त्यांना कळलंही नव्हतं.

"तोंडाने सांगायचंस," बाई म्हणाल्या. "आई, मला भीती वाटते, जाऊ नकोस, एवढंच. मी थांबले असते रे."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "मग आता सांगतो. नको जाऊस."

"आता नाही थांबायची," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आणि मग त्यांना राग आला. मुलाचा, गाडीचा, हँडब्रेक ओढून निमूटपणे निघून गेलेल्या नवऱ्याचा. दोन वर्षांत काहीच आलं नव्हतं, ते आता सगळं एकदम आलं. त्या स्टिअरिंग घट्ट धरून भर दुपारी मोठ्याने रडल्या. चहा घेऊन आलेला ड्रायव्हर ते बघून लांबच थांबला, आणि मागून कुणीतरी हॉर्न वाजवला तेव्हा त्यानेच त्याला हाताने गप्प केलं.

रडून झाल्यावर बाईंनी नाक पुसलं, लिहिलेला निरोप खोडला आणि शीतगृहाला फोन लावला.

"उद्या येतेय. वाटेत एकदा थांबावं लागेल, तेव्हा दुपार होईल. काटे रिकामे करून ठेवा."

"गाडी पोचेल ना, बाई?" व्यवस्थापकाने विचारलं.

"पोचत होतीच," बाई म्हणाल्या.