भाकरीवर चालणारी घड्याळं

आमच्या थोरल्या दिरांच्या मनगटावर असतात तेवढी भारी घड्याळं बिदर आणि कलबुर्गी या दोन्ही जिल्ह्यांत कुणाकडे नसतील, आणि त्यांच्याइतका उशिरा पोचणारा माणूसही या दोन्ही जिल्ह्यांत दुसरा सापडायचा नाही. भालकीच्या बाजारात आमचं पेंडीचं दुकान आहे. आमच्या गावाहून, खटकचिंचोळीहून, तिथं जायला सकाळची बस आहे, पण ती बस आणि आमचे दीर यांची गाठ मी तरी कधी पडलेली पाहिली नाही. बस सुटून धुरळा खाली बसला की ते सावकाश येऊन उभे राहतात, बाही कोपरापर्यंत सारतात, मनगटाकडे बघतात आणि चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणतात, "आज बस लवकर गेली." बस चुकते, ड्रायव्हर चुकतो, सूर्यसुद्धा चुकत असेल, पण त्यांचं घड्याळ चुकत नाही. त्या घड्याळांवर मी पदरात तोंड घालून इतकी वर्षं हसत आले. आता त्यातलंच एक घड्याळ माझ्या जावेच्या उजव्या हाताला बांधलेलं आहे, आणि तो हात हलतो की नाही हे ते घड्याळ सांगतं. ते पुढं येईलच. आधी हसून घेते.

मी घरातली धाकटी सून. आमच्याकडे थोरल्या दिरासमोर धाकटी बोलत नाही. डोक्यावर पदर घेऊन स्वयंपाकघराच्या दाराआड उभं राहायचं, आणि काही सांगायचंच असलं तर जावेच्या कानात सांगायचं. जावेला मी अक्का म्हणते. अक्का माझं बोलणं मोठ्यानं सांगणार, दीर अक्काला उत्तर देणार, आणि मी ते दारातूनच ऐकणार. बोलायचं नसलं की बघायला भरपूर सवड मिळते. दिरांना मी जितकं बघितलंय तितकं अक्कानेही बघितलं नसेल. ते मला ओळखत असतील तर माझ्या लुगड्याच्या काठावरून.

माझ्या लग्नात मुहूर्त सांगायचं काम त्यांच्याकडे होतं, कारण घड्याळ त्यांच्याकडे होतं. एक नव्हे, तीन होती. मांडवात लग्न लावणाऱ्या स्वामींनी विचारलं, "अण्णा, किती झाले?" दिरांनी बाही सारली. पहिलं घड्याळ म्हणत होतं मुहूर्ताला वेळ आहे, दुसरं म्हणत होतं मुहूर्त आत्ता आहे, आणि तिसऱ्याप्रमाणे लग्न लागून जेवणावळी उठल्या होत्या. स्वामी म्हणाले, "यातलं खरं कंचं?" दीर म्हणाले, "तिन्ही फॉरेनची हायत." शेवटी वऱ्हाडात आलेल्या एका बस कंडक्टरचं काळं प्लॅस्टिकचं घड्याळ पाहून अक्षता टाकल्या. दीर अजून म्हणतात की त्या लग्नाची वेळ अंदाजे होती.

ही घड्याळं ते हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणतात. काही खरोखरच म्हातारी, कुण्या नवाबाच्या घरातून निघालेली म्हणून सांगितलेली. बाकीची परदेशी घड्याळांच्या नकला. कंपन्यांची नावं घरात कुणालाच म्हणता येत नाहीत, म्हणून आम्ही त्यांना तोंडवळ्यावरून ओळखतो. हे सिंहवालं, ते बाणवालं, ते चंद्रवालं. दिरांना कुणी तोंडावर विचारलं, "असली हाय का नकली?" तर ते खोटं बोलत नाहीत. ते फक्त हसतात, बाही थोडी आणखी वर घेतात आणि उन्हाचं निमित्त करून हात बसच्या खिडकीबाहेर काढतात. "मी कुठं असली म्हटलो?" असं ते घरी येऊन म्हणतात. खरंच, तोंडानं कधी म्हणत नाहीत. सगळं मनगटच म्हणतं.

विकत आणलेलं घड्याळ आहे तसं घालणं त्यांना कमीपणाचं वाटतं. आणलं की उघडायचं. ह्याचे काटे त्याला, त्याची तबकडी ह्याला. माझ्या नखांच्या रंगाची बाटली अक्कामार्फत मागून नेली आणि सिंहाची जीभ लाल केली. जुन्या घड्याळाला मान जास्त असतो असं कुणीतरी सांगितल्यावर त्यांनी नवी कोरी पांढरी तबकडी जुनी करायला घेतली. त्यासाठी ती चहाच्या काढ्यात भिजवायची असते म्हणे. काट्यांसकट तबकडी बुडवून पातेलं त्यांनी चुलीशेजारी ठेवलं, सांगितलं कुणालाच नाही. तेवढ्यात भालकीचे एक पावणे आले, अक्काच्या पोरीच्या स्थळाचं बोलायला. अक्काने त्याच काढ्यात दूध-साखर घातली, उकळी आणली आणि कप पुढं केले. पावण्यांनी शेवटचा घोट घेतला, दातात काहीतरी धरलं आणि तळहातावर काढलं. तासाचा काटा. मी दाराआड पदर चावत होते. पावणे म्हणाले, "ह्ये काय म्हणायचं अण्णा?" दिरांनी काटा उजेडात धरला, न्याहाळला आणि खुशीत म्हणाले, "रंग काय झकास चढलाय बघा!" स्थळ गेलं. तबकडी मात्र खरंच जुनी दिसायला लागली.

चंद्रवाल्याने तर आमची येळवस घालवली. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, आमच्याकडचा मोठा सण. त्या दिवशी सगळं गाव शेतात जातं, कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभी करतं, आणि भज्जी, आंबील, उंडे घेऊन पावण्यारावळ्यांसकट रानात जेवतं. चंद्रवाल्या घड्याळात एक छोटी खिडकी आहे आणि तिच्यातून चंद्र कमी-जास्त होत जातो. एका वर्षी त्या खिडकीतला चंद्र कॅलेंडरच्या एक दिवस आधी दिसेनासा झाला. अक्काने भिंतीवर बोट दाखवलं, "अवो, कॅलेंडरात उद्या हाय." दीर म्हणाले, "कॅलेंडर छापणारी माणसंच असतेत. ह्ये मशीन हाय." आणि भालकीच्या बाजारातले व्यापारी त्यांनी एक दिवस आधीच जीपमध्ये घालून आमच्या रानात आणले. रानात कोप नाही, भज्जी नाही, आंबील नाही. आमचे हे एकटेच चिखलात उभे राहून हरभऱ्याला पाणी देत होते. व्यापाऱ्यांनी धोतरं सावरत विचारलं, "येळवस कुठं हाय?" आमच्या ह्यांनी फावडं टेकवलं आणि म्हणाले, "ती उद्या यायलीय. तुमी कामून आज आलाव?" वेळ अमावस्येलाच वेळ चुकलेला माणूस म्हणून बाजारात बरेच दिवस बोलबाला झाला. दिरांचं म्हणणं एवढंच होतं की, चंद्र बरोबर होता, अमावस्या मागं राहिली.

त्यांना खरा धक्का बसला तो आळंदकडच्या एका लग्नात. कडगंचीच्या मोठ्या कॉलेजात शिकणारा एक पावण्यांचा मुलगा सिंहवाल्याला कान लावून म्हणाला, "काका, हे सेलवर चालतंय. असली घड्याळाचा काटा घरंगळत सरकतो, तुमचा टक टक करायलाय." दीर जेवले नाहीत. घरी आल्यावर सेलवरची सगळी घड्याळं डब्यात गेली आणि ऑटोमॅटिकचा काळ सुरू झाला. ऑटोमॅटिक म्हणजे चावी न देता हाताच्या हालचालीनं आपोआप भरणारं घड्याळ. हात हलला तर चालणार, हात थांबला की दुसऱ्या दिवशी मरणार. आता आमचे दीर दिवसभर दुकानात पेंडीच्या पोत्यावर रेलून बसणारे, हात हलणार तो चहाच्या कपापुरता. घड्याळं पटापट मरायला लागली. एक त्यांनी म्हशीच्या गळ्यात बांधून पाहिलं, तिनं ते गव्हाणीत घासून काच फोडली. मग एका सकाळी ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले, मी लगबगीनं पदर ओढला, आणि ते अक्काचा भाकरी थापणारा हात बघत उभे राहिले. थाप, थाप, थाप. त्यांच्या तोंडावर असा आनंद मी त्यांच्या पोरीच्या लग्नातसुद्धा पाहिला नाही.

त्या दिवसापासून अक्काच्या उजव्या हातात पाटल्यांच्या वर घड्याळ आलं. रोज वेगळं. अक्का म्हणायची, "मी भाकरी थापायलेय का तुमचा कारखाना चालवायलेय?" दीर म्हणायचे, "दोनी एकाच हातानं व्हायलंय, तुला काय तरास?" सुगीत रानात माणसं असली की भाकऱ्या वाढायच्या, तशी घड्याळंही वाढायची. मग निरोप आला, "धाकटीला सांग, तिच्या हाताला बी एक बांध." मी बाणवालं बांधून भाकरी थापली. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईच्या हातात फॉरेनचं घड्याळ, तेही पिठात. लवकरच घड्याळं बंद पडायला लागली. बिदरला दिरांचा एक म्हातारा घड्याळजी दोस्त आहे, सगळे त्याला चाचा म्हणतात. चाचांनी बाणवालं उघडलं, फुंकर मारली, आणि त्यांचीच मिशी पांढरी झाली. "अण्णा, घडी लाए के चक्की लाए? अंदर पूरा जवारी का आटा है!" त्याच दिवशी चाचांनी डब्यातली सगळी मशीनं बघितली आणि एका साध्या, म्हाताऱ्या ऑटोमॅटिक मशीनवर बोट ठेवलं, "बाकी सब झूट. ये एक असली है." ते ऐकून दिरांनी सिंहाची तबकडी त्या मशीनवर चढवली. असली मशीनला नकली सिंह!

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी भाकरी थापता थापता अक्काचा उजवा हात परातीतच राहिला. उचलेना. तोंड थोडं वाकडं झालं. हातात सिंहवालं होतं, त्याचा काटा घरंगळत चालला होता आणि हात बंद. मी आयुष्यात पहिल्यांदा इतक्या मोठ्यानं ओरडले. दिरांनी अक्काला उचललं, बाजारात निघालेली कुणाची तरी गाडी अडवली आणि बिदरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं म्हणून जीव वाचला. आमच्या दिरांना वेळेवर म्हणणारा तो पहिलाच माणूस.

अक्का घरी आली, बोलायला लागली, पायही चालला. हात मात्र उशीवर ठेवला तसाच राहायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दुसऱ्यानं हात हलवून द्यायचा तो द्यायचाच, पण खरा उपाय म्हणजे तिनं स्वतः हलवायला बघायचं. दीर दुकानातून येऊन विचारायचे, "हलला का?" अक्का म्हणायची, "व्हय, हलला थोडा." मी दिवसभर तिथंच असायचे. हलला नव्हता. हलवायला ती बघतच नव्हती. एकदा माझ्याजवळ म्हणाली, "माझी चावी संपली गं." आणि नवऱ्यासमोर हसून, "तुमच्या घड्याळांनी खाल्ला माझा हात!" ती गमतीनं म्हणाली, पण ते गमतीनं घेणारे नव्हते. ते अंगणात गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत.

चार दिवसांनी ते तिच्या खाटेजवळ बसले आणि म्हणाले, "तू हलला म्हणतीस, पण न्हाई हलला. खोटं मला कळतंय. माझा जलम त्यातच गेलाय." मग त्यांनी डबा उघडला, सिंहवालं काढलं आणि थिनरच्या फडक्यानं तो सिंह पुसून टाकला. लाल जिभेसकट. कंपनीचं नावही पुसलं. कोरी पांढरी तबकडी राहिली, आत चाचांनी सांगितलेलं ते एकच असली मशीन. पट्टा कापडाचा लावला, सुजलेल्या हाताला रुतू नये म्हणून. "आता ह्ये खोटं बोलणार न्हाई. आणि तू बी." ते स्वतः हात हलवून द्यायचे तेव्हा घड्याळ काढून ठेवायचे. त्यांनी हलवलेलं त्यात धरायचं नव्हतं.

बांधल्यावर ते थोडं चालायचं आणि थांबायचं. रोज संध्याकाळी दीर आले की आधी अक्काचा हात बघायचे, घड्याळ मेलेलं दिसायचं, काही न बोलता चप्पल काढायचे. अक्काला ते न बोलणं झोंबायचं. "बघायलाव तर बोला की!" "काय बोलू? त्यानंच सांगितलं." असे दिवस चालले होते. आणि एका संध्याकाळी काटा घरंगळत होता.

दीर वाकले. कान लावला. मग सरळ झाले, आणि खुश व्हायच्या ऐवजी त्यांच्या कपाळावर आठ्या आल्या. आयुष्यभर नकला केलेला माणूस तो, पहिला विचार तोच येणार. "कोण हलिवलं ह्ये?" अक्का म्हणाली, "मी." ते म्हणाले, "तुझं र्‍हाऊ दे." आणि दाराकडे वळले. माझ्याकडे. अक्काकडे बघून नाही, सरळ माझ्याकडे बघून म्हणाले, "धाकटे, तू हलिवलीस का? खरं सांग."

इतक्या वर्षांत ते माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य ते. पदर घट्ट धरला, जावेचा कान जवळ नव्हता. मी म्हटलं, "न्हाई." पदराआडून ऐकू गेलं नसेल म्हणून परत मोठ्यानं म्हटलं, "न्हाई, भावजी. अक्का दुपारपासून चादरीवर थापायल्यात."

खरंच थापत होती. बोटं पुरती उघडत नव्हती, पण चादरीवर ती तळहात आपटत होती, थाप, थाप, भाकरीसारखं. दिरांनी सवयीनं बाही सारून स्वतःच्या मनगटाकडे बघितलं. तिथं घड्याळ नव्हतं. नुसता कातडीवरचा पांढरा पट्टा, इतक्या वर्षांत ऊन न लागलेला.

हात पूर्ण आलेला नाही. येईल असं डॉक्टरही म्हणत नाहीत. पेला धरता येतो, भाकरी येत नाही. भाकऱ्या मी एकटीच थापते, मोकळ्या हातानं. डब्यातली बाकी घड्याळं केव्हाच थांबली, कुणी उघडून बघत नाही. अक्काच्या हातातलं तिच्या मनाप्रमाणे चालतं, थकली की थांबतं, परत थापलं की निघतं. त्याची वेळ कुणी लावत नाही, म्हणून ती कधीच बरोबर नसते. परवा एक पावणे निघायच्या गडबडीत होते. "अण्णा, बसची वेळ झाली का? किती वाजले?" दीर उठून खाटेशी गेले, अक्काचा हात दोन्ही हातांनी उचलला, तबकडी उजेडाला धरली आणि मोठ्यानं म्हणाले, "साडेसात."

ऊन अंगणात मधोमध होतं. पावण्यांनी आभाळाकडे बघितलं. अक्का म्हणाली, "अवो, दुपार झालीय की."

"होऊ दे," दीर म्हणाले. "चालायलंय न्हवं."

तेवढ्यात फाट्यावरून बस गेल्याचा आवाज आला. पावणे पिशवी घेऊन धावले. दीर बस लवकर गेली असं म्हणाले नाहीत, तो हात हातात धरून तसेच बसून राहिले.