दक्षिण दाराचा लाल रंग

सावली गावातल्या आमच्या घराचं दार दक्षिणेला होतं. त्यावरून गावातल्या बाया आधीच कुजबुजायच्या. माझी थोरली बहीण विधवा होऊन माहेरी परत आली, तेव्हा तर त्यांना रानच मोकळं मिळालं. यमाचं दार म्हणे! तिचा नवरा तिकडे अहेरीला हिवतापानं गेला आणि दोष आमच्या दाराचा. अजूनही आठवलं की माझं डोकं फिरतं.

बहिणीला मी बाई म्हणायची. विशीतली पोर, पण अंगावर पांढरं लुगडं आणि कपाळ उघडं. तरणीताठी असून दिवसभर मान खाली घालून राबायची. स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती, पण ते आमच्या बाईपर्यंत काही पोचलं नव्हतं.

त्या काळी चिनी कापडवाले सायकलला गठ्ठा बांधून चांद्याकडून गावोगाव फिरत. माझं लग्न ठरलं त्या हिवाळ्यात असाच एक आमच्या ओसरीवर बसला. त्यानं रेशमाचे तागे उलगडले आणि खांबाआड बसलेल्या बाईपुढे एक लालभडक कापड धरलं.

"तिले नाई," आई घाईघाईनं म्हणाली.

त्यानं बाईच्या लुगड्याकडे पाहिलं आणि कापड हळूच मागे घेतलं. "हमारे मुलुक में भी सफेद मरने का रंग," तो म्हणाला. "लेकिन थोडे दिन. फिर घर में रंग लाते."

मग कोळशानं त्यानं जमिनीवर चौकोन काढला. पूर्वेला हिरवा, झाडाचा. दक्षिणेला लाल, आगीचा. मधे पिवळा, मातीचा. पश्चिमेला पांढरा, लोखंडाचा. उत्तरेला काळा, पाण्याचा. यातला एक जरी नसला तर घर आजारी पडतं, असं त्याचं म्हणणं.

बाबा शाळामास्तर. ते कोपऱ्यातून म्हणाले, "आन् वारा कुठी गेला तुमचा? आकाश?" सगळे हसले. बाई हसली नाही.

"दक्षिण वाईट नाई?" तिनं विचारलं. परक्या माणसाशी ती पहिल्यांदाच बोलत होती.

"दक्खिन तो सबसे अच्छा. धूप उधर से आता. दरवाजा लाल करो."

तो गेला आणि बाई कामाला लागली. तिला कोणी अडवलं नाही, कारण भिंती सारवणं बायकांचंच काम. तिनं वालाची पानं वाटून पूर्वेची भिंत हिरवी केली. चार दिवसांत ती मळकट पडायची, की बाई पुन्हा पानं वाटायला बसायची. मधल्या खोलीला पिवळी माती दिली. उत्तरेला चूल होती, तिथं काजळी आयतीच. पश्चिमेची भिंत पांढऱ्या मातीची होती, ती तशीच ठेवली. "करू द्या, जीव रमते पोरीचा," बाबा म्हणायचे. आणि खरंच, बाई काम करता करता गुणगुणायला लागली होती. मला तर अगदी भरून यायचं.

दार तेवढं तिनं राखून ठेवलं. "ते तुह्या लग्नाले," ती म्हणाली. "लाल दारातून जाशीन तू. सुखी राहाशीन."

पण गेरू तिला पटेना. फारच विटकरी. हळदीच्या दिवशी सकाळी सगळे मांडवात गुंतलेले पाहून तिनं लग्नासाठी आणलेलं कुंकू जवसाच्या तेलात कालवलं आणि दार रंगवून काढलं. काय दिसत होतं ते दार! आणि त्याच्यापुढे बाई उभी, मनगटापर्यंत लाल, चेहरा फुललेला.

आत्यानं पाहिलं आणि किंचाळलीच. "कुंकवाले हात लावला तुनं? रांडमुंड बाई तू, लग्नघरात?"

माणसं गोळा झाली. बाबांनी मान खाली घातली. "पुसून टाक," एवढंच म्हणाले. मी हळदीच्या अंगानं बाहेर धावले, "मले तेच दार पायजे!" म्हणून ओरडले, तर आईनं दंड धरून आत ओढलं. बाई राखेनं दार घासत बसली. तेल लाकडात मुरलेलं, रंग कसला निघतोय! शेवटी आत्यानं तिच्याकडूनच वरून पांढऱ्या मातीचा पोचारा मारून घेतला. असलं माझ्या लग्नाचं दार.

दुसऱ्या दिवशी पाठवणीच्या वेळी बाया मला कुंकू लावायला पुढे आल्या. मी हटूनच बसले. "बाई लावन तवाच उठीन." आत्यानं तोंड उघडलं, पण बाबांनी तिला हातानं थांबवलं. रात्रभरात त्यांच्या मनात काय झालं होतं कोण जाणे. करंडा उचलून ते स्वतः बाईकडे गेले, सगळ्यांसमोर. "ये बेटा," म्हणाले, "लाव तिले."

बाईनं दोन्ही हात पदरात घट्ट गुंडाळून घेतले.

"नाई बाबा. तिच्या नवऱ्याले काई झालं तं?"

मी उठून तिला मिठी मारायला गेले. ती भिंतीला चिकटून मागे मागे सरकत गेली आणि म्हणाली, "दूर राय. मले शिवू नोको."